थंड मुलखातली आयव्ही, गोव्याच्या कुंडीत

गोव्यातल्या नर्सऱ्यांत टांगत्या कुंड्यांमधली पांढऱ्या कडांची आयव्ही दिसली की हात आपोआप पुढे होतो. पावसाळा सुरू झाला की तिच्या पानांवर काळे डाग येतात, मुळं कुजतात, आणि दोष खताच्या माथी जातो. खरं कारण तिच्या मूळ मुलखात आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हेडेरा हेलिक्स असं नाव दिलेली ही वेल युरोप आणि पश्चिम आशियातल्या रानांची. हेडेरा नेपालेन्सिस ही तिची बहीण हिमालयात वाढते. म्हणजे हे कुळ भारताला परकं नाही, कोकणपट्टीला आहे. सावलीत जमिनीवर पसरायचं, खोड सापडलं की बारीक मुळांनी त्याला धरून वर चढायचं, हा तिचा स्वभाव. 19व्या शतकात इंग्लंडमधल्या अंधाऱ्या, धुरकट दिवाणखान्यांतही ती तग धरून राहिली, म्हणून घराघरांत पोचली. 1872 मध्ये बागकामावर लिहिणारे इंग्रज लेखक शर्ली हिबर्ड यांनी तर अख्खं पुस्तक एकट्या आयव्हीवर लिहिलं.

दुरंगी पान जवळून पाहावं. मधे करडा-हिरवा रंग, कडेला दुधाळ पट्टा. त्या पट्ट्यातल्या पेशींत हरितद्रव्य जवळपास नसतंच, त्यामुळे अन्न तयार करण्याचा सगळा भार हिरव्या भागावर पडतो आणि वेल हळू वाढते. मधूनच एखादा निखळ हिरवा फुटवा येतो. तो जोरकस असतो, तसाच ठेवला तर बाकीच्यांना मागे टाकतो. दिसताक्षणी बुडातून छाटावा. बियांतून हा रंग टिकत नाही, म्हणून माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फाटे लावूनच तो जपला आहे. आपल्या कुंडीतली वेलही अशाच एका फाट्याची.

गोव्यात पाऊस साधारण 3000 मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उन्हाळ्याच्या रात्रीही दमट. म्हणून कुंडी पूर्वेच्या व्हरांड्यात, पागोळ्यांपासून आत ठेवावी. माती भुसभुशीत असावी. माझ्या मते मातीची कुंडीच बरी, तिच्यातून ओल बाहेर पडते. पाणी वरची माती सुकल्यावरच. मार्च ते मे दुपारचं ऊन टाळावं आणि पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड आहे का ते पाहावं. छाटताना हातमोजे घालावेत, रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

एवढी निगा जमणार नसेल तर सोनेरी पट्ट्यांचा मनी प्लांट लावावा. तो पॅसिफिकमधल्या मूरिया बेटाचा, उष्ण आणि दमट हवेतलाच.