गेमिंग संगणकाची जुळणी (मराठवाडा)

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (माहिती साठवणारा भाग), एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट वेगवेगळे निवडून आपल्या बजेटात बसणारा गेमिंग संगणक उभा करण्याची ही पद्धत. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड खाते. सुट्या भागांसाठी ऑनलाइन खरेदी, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याची दुकाने, मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे नेहमीचे पर्याय. नांदेडकरांना मात्र हैदराबादलगतच्या सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर हे संगणक-बाजाराचे ठिकाण सोयीचे पडते. मुंबईच्या मानाने हैदराबाद जवळपास निम्म्या अंतरावर आहे.

मराठवाड्यात जुळणी करताना सर्वांत आधी विजेचा विचार करावा लागतो. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की गावाकडे 230 व्होल्टचा दाब बराच खाली येतो. ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ (पॉवर फॅक्टर सुधारणारी रचना) असलेला चांगला एसएमपीएस साधारण 100 ते 240 व्होल्टवर चालतो, म्हणून तो हे उतार सहन करतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर महागडे कार्ड चालवणे हा शुद्ध जुगार आहे. यूपीएस घेताना व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आकडा फसवतो. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॉटच देतो. गेम रंगात असताना संगणक त्याहून जास्त ओढत असेल, तर लाइट जाताच तोही बंद पडतो.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या येतात, हे त्याचे ठळक लक्षण. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेनच्या सुमारे निम्मा दाब राहतो. त्यातून येणारा करंट अगदी किरकोळ असतो, पण खरी गळती झाली तर तीही माणसाच्या अंगातूनच जाईल. म्हणून जुळणीआधी वायरमनकडून मल्टिमीटरने अर्थिंग-न्यूट्रलमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असलेला बरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडली की अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याचा रोध वाढतो, त्यामुळे टंचाईच्या दिवसांतही त्यात अधूनमधून पाणी घालावेच लागते.

मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. खोली जितकी तापेल, साधारण तितकीच वाढ चिपच्या तापमानात होते. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि गेम अडखळू लागतो. पुढे जाळी असलेले कॅबिनेट, समोरून हवा आत घेणारे पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक पंखा, ही मांडणी इथे काचबंद दिखाऊ कॅबिनेटपेक्षा कितीतरी चांगली. वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नये. दमट हवेत धूळ हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांवर चिकटून थापली जाते. जिनिंगजवळच्या घरांत कापसाचे तंतूही कॅबिनेटच्या धूळ-फिल्टरमध्ये अडकतात. तो काढून धुवावा, वाळवावा, मगच बसवावा.

भाग एकमेकांना जुळतात का, हे खरेदीआधीच पाहावे. डीडीआर4 रॅम डीडीआर5 च्या खाचेत बसत नाही; एएमडीच्या एएम4 सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची खाच) प्रोसेसर 2022 मध्ये आलेल्या एएम5 बोर्डावर चालत नाही. विंडोज टाकून झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डची मूळ सेटिंग) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे प्रोफाइल चालू करावे, नाहीतर 6000 वेगाची डीडीआर5 रॅम बहुधा 4800 वरच धावते. मॉनिटर 144 हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा निवडावा. अनेकदा तिथे 60 च राहून गेलेले असते.