सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असे नाही
चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जातो, परतण्यासाठी एक पाय रोवून वळतो आणि नेमका त्याच क्षणी कोपऱ्यातील बचावपटू त्याचा घोटा धरतो. पाऊल जमिनीला खिळलेले, धड मध्यरेषेकडे फिरलेले. मधला सारा पीळ गुडघ्यावर येतो. मातीचे मैदान असो की मॅट, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कबड्डी स्पर्धांत आणि यात्रांतील कुस्त्यांच्या फडात खेळाडू कायमचा बाहेर जातो तो बहुधा या दुखापतीने नव्हे, तर तिच्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतील घाईने.

गुडघा, म्हणजे आपल्याकडचा टोंगळा, हा खुब्यासारखा खोल खोबणीत बसलेला सांधा नाही. मांडीच्या हाडाचे गोल टोक नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असते आणि त्यांना जागेवर ठेवण्याचे काम प्रामुख्याने चार अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे, करतात. त्यांपैकी दोन सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदतात. पुढच्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात; तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि तिचे फिरणेही आवरतो. वर सांगितलेल्या पिळात सहसा तोच तुटतो.

तुटताना अनेकांना ‘टप्’ असा आवाज येतो किंवा आत काहीतरी निसटल्यासारखे वाटते. दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचले असण्याची शक्यता मोठी असते. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश आली आणि गुडघा अडकून सरळ होईनासा झाला, तर दोन हाडांमधील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याची शंका घ्यावी.

अशा वेळी तेल गरम करून चोळणारा आणि झटका देऊन ‘हाड बसवणारा’ हे दोघेही मैदानाच्या कडेला लगेच हजर होतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालिश यांमुळे आतील रक्तस्राव व सूज वाढू शकते. त्याऐवजी खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ (गोळ्याच्या गाडीवरचाही चालतो) १५ ते २० मिनिटे ठेवून दर दोन-तीन तासांनी तेच करावे, क्रेप बँडेज फार आवळून न बांधता गुंडाळावे आणि पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. गुडघा उघड उघड जागेवरून सरकलेला असेल किंवा पाऊल थंड, पांढुरके वा बधिर पडले असेल, तर गुडघ्यामागील मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. तेव्हा हाती मोजकेच तास असतात आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे लागते.

खरी फसगत पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, माणूस सरळ चालू लागतो, मोटारसायकलही चालवतो आणि गुडघा बरा झाला असे समजून मैदानात उतरतो. वास्तविक तुटलेला एसीएल सहसा पूर्ववत जुळत नाही. गुडघ्याच्या आतल्या कडेचा, पण सांध्याच्या पोकळीबाहेर असलेला बंध फाटला, तर त्याच्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकते, तिच्या आधाराने नवे तंतू तयार होतात आणि पट्टा व विश्रांती यांनी तो बहुधा भरून येतो. एसीएल मात्र सांध्यातील द्रवात असतो आणि तिथे अशी गुठळी टिकत नाही. असा गुडघा वळताना अचानक दगा देतो आणि प्रत्येक वेळी गादी थोडी अधिक फाटण्याचा धोका असतो. म्हणून सूज ओसरल्यावर अस्थिरोगतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. गुडघा २० ते ३० अंश वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची साधी चाचणी अनुभवी हाताला पुष्कळ काही सांगते, एमआरआय त्यानंतरचा.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असेही नाही. स्वीडनमधील १२१ तरुणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या ५९ जणांना आधी व्यायामोपचार देऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रिया करायची होती, त्यांपैकी ३६ जणांना पहिल्या दोन वर्षांत एसीएलच्या पुनर्रचनेची गरज भासली नाही. मात्र पाय रोवून वळण्याचा खेळ ज्याला पुन्हा खेळायचाच आहे, त्याला बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. तीत सहसा मांडीमागील स्नायूंची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) काढून नवा बंध म्हणून बसवतात. ती शीर जिवंत बंधासारखी होण्यास अनेक महिने लागतात आणि पहिल्या काही महिन्यांत, वेदना जवळपास गेलेल्या असतानाच, ती कमजोर असते. त्यामुळे किमान नऊ महिने चढाई-पकड नको. त्यानंतरही केवळ दिनदर्शिका पाहू नये: दुखावलेल्या पायावर लंगडी उडी घेऊन अंतर मोजावे आणि ते दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरेपर्यंत संघाच्या यादीत नाव देऊ नये.