परिशिष्ट वेगळं, संदर्भ वेगळे: प्लेन टेक्स्टमध्ये कुठे काय ठेवायचं

मार्कडाउन नाहीतर लाटेकमध्ये (म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा घालून डॉक्युमेंट बनवायच्या पद्धतींत) मोठा रिपोर्ट लिहिणारे बरेच जण शेवटी 'परिशिष्ट' नावाची एक फाइल उघडतात आणि हाताला लागेल ते तिच्यात कोंबतात, म्हणजे प्रश्नावली, सर्व्हरचे लॉग, कुणाच्या तरी पेपरमधला अख्खा तक्ता आणि वर पाच-सहा लिंका. परिशिष्ट आणि संदर्भ दोन्ही शेवटीच येतात म्हणून एकच वाटतात, पण कामं पार वेगळी आहेत.

परिशिष्ट हा तुमच्याच डॉक्युमेंटचा भाग. मध्येच आला असता तर वाचणारा अडखळला असता म्हणून मागे सरकवलाय, इतकंच, त्यातल्या चुकांची जबाबदारीही तुमचीच. संदर्भ म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा पत्ता: कोणाचं, काय, कधीचं, कुठे मिळेल. माल तिकडेच राहतो.

गोंधळ होतो तो मधल्या केसेसमध्ये. समजा दुसऱ्याची प्रश्नावली घेतली आणि तिच्यातले चार प्रश्न बदलले, तर मूळ प्रश्नावली संदर्भात जाते आणि तुम्ही खरोखर विचारलेली प्रश्नावली परिशिष्टात, दोन्ही हवेत (अर्थात छापायची परवानगी असेल तर). मी स्वतःला एकच विचारतो, मूळ पान उद्या बदललं किंवा उडालं तर माझा मुद्दा लंगडा पडतो का? पडत असेल तर मी वापरलेलं रूप माझ्याजवळ हवं, नुसत्या लिंकवर भागत नाही. निदान कोणत्या तारखेला पाहिलं ते तरी लिहा, बिबलाटेकमध्ये (लाटेकचं संदर्भ सांभाळणारं पॅकेज) त्यासाठी वेगळं फील्डच आहे.

टूलही या दोघांना वेगवेगळं वागवतात. बिबटेकच्या फाइलमध्ये, म्हणजे लाटेकसाठी संदर्भ साठवायच्या फाइलमध्ये, शेकडो नोंदी असल्या तरी यादीत फक्त मजकुरात साइट केलेल्याच येतात, आणि नोंदीची 'की' (तिचं छोटं ओळखनाव) टाइप करताना चुकली तर लाटेक तिथे ठळक प्रश्नचिन्ह छापतं, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. परिशिष्टाचं असं नाही. मजकुरात त्याचा कुठे उल्लेख नसला तरी ते गुपचूप छापलं जातं आणि कुणी तक्रार करत नाही. शिवाय 'परिशिष्ट ब पाहा' असं हाताने टाइप केलं, नंतर मध्ये एक नवं परिशिष्ट घुसवलं, की ब चं क होतं आणि मजकूर वाचणाऱ्याला भलतीकडे पाठवतो. म्हणून लाटेकमध्ये लेबल लावा आणि क्रमांक त्यालाच काढू द्या, अपेंडिक्सची कमांड एकदा दिली की पुढच्या प्रकरणांना आकड्यांऐवजी अक्षरं आपोआप लागतात.

पॅनडॉकवाल्यांना (मार्कडाउनवरून पीडीएफ, वर्ड वगैरे बनवणारं टूल) एक हमखास छळणारी गोष्ट म्हणजे संदर्भयादी तो डॉक्युमेंटच्या एकदम शेवटी टाकतो, त्यामुळे परिशिष्टं तिच्या वर जाऊन बसतात. कॉलेजच्या फॉरमॅटला उलटा क्रम हवा असेल तर हवी त्या जागी 'रेफ्स' या आयडीचा एक रिकामा डिव्ह (खूण लावलेला ठोकळा) ठेवायचा, यादी तिथेच उतरते. हे माहीत नसलं की लोक शेवटी वर्डमध्ये नेऊन हाताने कापाकापी करतात, मग प्लेन टेक्स्टचा उपयोग काय राहिला!

आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज, कित्येक दशकं साध्या टेक्स्टमध्येच निघत होते, त्यांची पद्धत मला आवडते. २०१४ च्या त्यांच्या स्टाइल गाइडप्रमाणे (आरएफसी ७३२२) संदर्भ आधी आणि परिशिष्टं नंतर, आणि संदर्भांचेही दोन गट, नॉर्मेटिव्ह म्हणजे जे वाचल्याशिवाय कामच करता येणार नाही ते आणि इन्फॉर्मेटिव्ह म्हणजे जादा माहितीचे. रिपोर्टमध्ये एवढं काटेकोर नाही केलं तरी चालतं.

उरला कच्चा डेटा, हजारो ओळींची सीएसव्ही वगैरे. ती परिशिष्टात ओतू नका, कुणी वाचत नाही आणि डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) बघताना जीव जातो. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) त्या आवृत्तीला टॅग, म्हणजे नाव, लावा, परिशिष्टात कॉलमांचे अर्थ आणि नमुन्याच्या थोड्या ओळी द्या, आणि पूर्ण फाइल कुठल्या टॅगवर आहे ते तिथेच लिहा.