खांद्याची पट्टी सरळ, बुडाची उरेब

योगाच्या मॅटसाठी मी शिवलेली पहिली पिशवी दिसायला छान होती. मांजरपाटाची, नळकांड्यासारखी, गोल बुडाची, वर नेफा आणि नाडी. तीन आठवड्यांत तिचा पट्टा इतका लांबला, की कमरेशी बसणारी पिशवी चालताना मांडीवर आपटायला लागली. आणि आतून उलटी करून पाहिली तर बुडाच्या शिवणीवर लावलेल्या पट्टीला चुण्याच चुण्या. दोन्ही दुखणी एकाच चुकीतून आली होती. पट्टा कापताना मी उरलेल्या कापडाचा कर्ण धरला, कारण सगळ्यात लांब रेघ तिथेच मिळत होती. बुडाची पट्टी मात्र काठाला समांतर, अगदी नीटनेटकी सरळ कापली. करायला हवं होतं बरोबर उलटं.

आत्याने पट्टा हातात घेतला, दोन टोकांनी जरा ओढला आणि म्हणाली, "अगं, खांद्याला काय चुडीदार शिवायचा होता तुला?"

तिच्या या एका वाक्यात सगळं आलं. चुडीदार पायजमा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या कापलेल्या, कापडाचा असतो, म्हणून तर तो पोटरीला चिकटून बसतो आणि घोट्यापाशी त्याच्या चुड्या पडतात. ब्लाउजच्या गळ्याला जी पट्टी लावतात, तीही उरेब; शिंपी तिला बहुतेक वेळा क्रॉस पट्टी म्हणतात. कापून टेबलावर ठेवली की सरळ पट्टी आणि उरेब पट्टी यांत काही फरक दिसत नाही. तेच कापड, तोच रंग, दोन्हींच्या कडा सरळच. फरक आहे तो आतल्या धाग्यांच्या दिशेत, आणि तो ओढल्याशिवाय कळत नाही.

कापडात धागे दोनच दिशांनी जातात. काठाला समांतर जातो तो ताणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो तो बाणा. मागावर ताणा आधीपासून घट्ट ताणलेला असतो, म्हणून त्या दिशेने कापड जवळजवळ ताणलंच जात नाही. बाण्याच्या दिशेने किंचित देतं. आता तेच कापड दोन्हींच्या मधून, म्हणजे ४५ अंशांतून ओढून बघा. या दिशेला धागा कुठलाच नाही, त्यामुळे तुमची ओढ थेट कोणत्याच धाग्यावर येत नाही. ताणा-बाण्याचे बारीक बारीक चौकोन फक्त कलतात आणि शंकरपाळ्यासारखे लांबट होतात. धागा एक सुतभरही वाढलेला नसतो, तरी कापड लांबतं आणि त्याबरोबर अरुंदही होतं. माझा पट्टा नुसता लांब झाला नव्हता; एक इंचाचा होता तो दोरीसारखा बारीक होऊन खांद्यात रुतत होता, त्याचं कारण हेच.

ओळखायची एक युक्ती कापडाच्या दुकानातच बघायला मिळते. दुकानदार कापडाला कात्रीने जरासा छेद देतो आणि टर्रकन फाडून देतो. साधं सुती कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या रेघेत असंच सरळ फाटतं. उरेब दिशेने फाडायला जा, फाटत नाही. फाटलंच तर वळून पुन्हा एखाद्या सरळ धाग्याची वाट धरतं. घरातल्या बिनकाठाच्या तुकड्याचा ताणा कुठला असा प्रश्न पडला, तर मी आधी दोन्हीकडून एकेक धागा उसवून दिशा बघते आणि मग बोटांत धरून ओढते. कमी देतो तो ताणा. हे अगदी दर वेळी चोख लागू पडतं असं नाही, पण मांजरपाट, खादी, साधा कॅनव्हास यांना चालतं.

आता पिशवीकडे. मॅट साधारण २४ इंच रुंद असते आणि ६ मिलिमीटर जाडीची मॅट घट्ट गुंडाळली, की तिचा व्यास पाच इंचांच्या आत येतो. पण क्लास संपल्यावर घाम पुसत पुसत कोण घट्ट गुंडाळतंय? म्हणून तयार पिशवीचा व्यास ६ इंच धरते. ६ गुणिले ३.१४ म्हणजे परीघ १८.८ इंच. शिवणीला दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच, म्हणजे अंगाचं कापड पावणेवीस इंच रुंद आणि नेफा व वरची चुणीची जागा धरून २९ इंच उंच. बुडाचं वर्तुळ ७ इंच व्यासाचं. ४४ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, सव्वा मीटर कापडात हे सगळं बसतं, फक्त आधी रात्रभर भिजत घाला, कारण कोरा मांजरपाट आटतो आणि जास्त करून उंचीतच आटतो.

पट्ट्यावर साधारण किलोभराची मॅट लटकते. रबराची असेल तर दोन किलोंच्याही पुढे जाते. तीही चालताना दर पावलाला हिसका देत. हे ओझं धाग्याच्या लांबीने पेलायचं असतं. म्हणून पट्टा काठाला समांतर, ताण्यात: ४ इंच रुंद, ४२ इंच लांब. दोन्ही कडा मध्यापर्यंत दुमडायच्या, पुन्हा मधोमध घडी घालायची आणि दोन्ही बाजूंनी टीप मारायची. चौपदरी, एक इंची पट्टा तयार. टोकं लावताना एकच टीप मारून सोडू नका. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला, आणि वरचं टोक नेफ्याच्या खाली येऊ द्या, नेफ्यावर नाही. नाहीतर नाडी अडकते. कापड कमी असेल तर पट्टा पन्ह्यातून आडवा काढला तरी निभतं, थोडा सैलावतो एवढंच. कटकट नको असेल तर बाजारातून नवार आणा. खाटेची नवार इतकी वर्षं माणसाचं वजन झेलते ती काही जाडीच्या जोरावर नाही; तिचा ताणाच पट्टीच्या लांबीत विणलेला असतो.

बुडाची गोष्ट वेगळी, आणि खरी गंमत इथेच आहे. वर्तुळ आणि नळकांडं जोडल्यावर आत कच्ची कड राहते. ती पाव इंचावर कातरायची आणि तिच्यावर पट्टी चढवून झाकायची, नाहीतर सुटलेले धागे मॅटला चिकटतात. आता हिशेब बघा. शिवणीची रेघ आहे ६ इंच व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे १८.८ इंच. कच्ची कड पाव इंच बाहेर आहे, म्हणजे तिचा व्यास साडेसहा आणि परीघ २०.४ इंच. एकाच पट्टीची एक कड १८.८ इंचांवर बसायला हवी आणि घडीचा मध्य २०.४ इंचांवरून वळायला हवा. दीड इंचाहून जास्त फरक! सरळ पट्टी हे करूच शकत नाही. तिच्या दोन्ही कडांची लांबी धाग्याने बांधलेली. बाहेरच्या कडेला पुरेल अशी लावली तर आतली कड जास्त होते आणि चुण्या पडतात; आतल्या कडेला पुरेल अशी लावली तर बाहेर ओढ बसते आणि बूड वाटीसारखं आत वळतं. उरेब पट्टीचे चौकोन मात्र एका बाजूला शंकरपाळी होतात, दुसऱ्या बाजूला आक्रसतात, आणि पट्टी वळणावर लोळत जाते.

तिला काढायला १६ इंचांचा चौरस पुरतो. ताण्याची कड बाण्याच्या कडेवर येईल अशी त्याची तिरकी घडी घाला. घडीची रेघ म्हणजे ४५ अंश. तिचीच लांबी साडेबावीस इंचांच्या आसपास भरते. घडी उलगडून खडूने त्या रेघेपासून सव्वा इंचावर समांतर रेघ मारा आणि दोन्ही रेघांवर कापा. त्यानंतर पट्टीवर इस्त्री घासू नका, वरून नुसती दाबा. घासलीत तर पट्टी लावायच्या आधीच लांबून बसते. मशीनखाली घालतानाही ती ओढायची नाही, शिवणीच्या रेघेवर नुसती ठेवत जायची. ताणायचं काम घडी पालटताना आपोआप होतं.

सगळ्यात वाईट ती मधली जात: ना सरळ, ना उरेब. कापड वाचवायला म्हणून दहा-पंधरा अंश तिरपी कापलेली पट्टी. ती पट्ट्याला लावली तर पीळ पडतो, कितीही इस्त्री करा, पुन्हा फिरकी घेते. बुडाला लावली तर अर्ध्या वळणावर बसते आणि अर्ध्यावर फुगते. कापताना डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्यांच्या हातून हीच जास्त निघते. माझ्याही हातून निघाली आहे.

आणि बूड चौकोनी करायचं असेल, म्हणजे चार सरळ शिवणींचं, तर उरेबचा खटाटोप करू नका. सरळ शिवणीवर उरेब पट्टी उलट लाटेसारखी होते आणि कापडही वाया जातं. तिथे सरळ पट्टीच बरी. मला स्वतःला चौकोनी बूड आवडत नाही, गोल मॅटच्या चारी कोपऱ्यांत रिकामी जागा राहते आणि तिथे केर साठतो, पण शिवायला ते निम्म्या वेळात होतं हे खरं.

त्या पहिल्या पिशवीचा पट्टा मी शेवटी उसवला, घड्या उलगडल्या आणि पाण्यातून काढला. वाळल्यावर बराचसा मूळ रुंदीला आला. लांबीत तीन पट्ट्या निघाल्या, सव्वा सव्वा इंचाच्या, उत्तम उरेब. एक त्याच पिशवीच्या बुडाला लावली, दुसरी आत्याने तिच्या मॅटच्या पिशवीसाठी नेली, तिसरी अजून बॉबिनच्या डब्यात गुंडाळून पडली आहे.