सत्ता हाती येते, मग कारकून संपावर जातात

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर पोस्ट, बँक आणि सरकारी छापखाना यांच्या इमारती एकाच चौकाभोवती आहेत. सत्ता उलथवू पाहणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळायची नाही! १९१७ साली रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या लोकांना सत्ता घेण्यासाठी पूल, तारघर, टेलिफोन एक्स्चेंज, रेल्वे स्टेशनं आणि स्टेट बँक असं शहरभर फिरावं लागलं. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख होती ७ नोव्हेंबर. ट्राम चालू होत्या, नाटकांचे प्रयोगही. हंगामी सरकार बसलं होतं तो हिवाळी राजवाडा मध्यरात्र उलटल्यावर पडला, तोवर मुख्य काम उरकलं होतं.

शहरात लाखाच्या वर सैनिक होते. त्यातले बहुतेक बराकीतच बसून राहिले. सरकारसाठी जीव द्यायची कुणाची तयारी नव्हती.

माणसं कधी हलतात आणि कधी नाही, याचं गणित समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलं. समजा, शंभर जणांचा जमाव आहे. पहिला कुणाची वाट न बघता दगड उचलतो, दुसरा त्या एकाला बघून, तिसरा दोघांना बघून. असे शंभरच्या शंभर पेटतात. आता फक्त दुसऱ्याला जरा भित्रा करा. त्याला आधी दोघं पुढे गेलेले दिसायला हवेत. झालं, पहिला एकटाच पडतो! बाकी जमाव होता तसाच आहे. क्रांतीची भाकितं करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

आमच्याकडे ग्वाल्हेरला, १८५७च्या उठावात, १ जून १८५८ला शहराशेजारच्या मोरारजवळ हेच दिसलं. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब यांच्यावर इंग्रजांच्या बाजूचे ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे चालून गेले, पण त्यांची बहुतेक फौज पलीकडे जाऊन मिळाली. महाराजांनी आग्रा गाठलं. उठाववाल्यांनी त्यांच्या खजिन्यातून शिपायांचे पगार चुकते केले, दरबार भरवला. आणि २० जूनला किल्ला इंग्रजांनी घेतला.

बोल्शेविक टिकले, पण सुखासुखी नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी युद्ध थांबवण्याचा आणि जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना देण्याचा हुकूम काढला. लगेच विरोधी वर्तमानपत्रं बंद करण्याचाही. सरकारी नोकर मात्र संपावर गेले, आणि स्टेट बँकेचे लोक नव्या सरकारला पैसे देईनात. शेवटी बंदुका दाखवून रक्कम काढावी लागली. डिसेंबरात गुप्त पोलीस दल उभं राहिलं. निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम पाव मतं पडली होती. त्या निवडणुकीतून आलेली, देशाची घटना ठरवणारी संविधान सभा जानेवारी १९१८मध्ये एकदाच बसली. दुसऱ्या बैठकीला आलेल्या सदस्यांना दारं बंद मिळाली.