जिरेनियम पावसाळ्यात जगवणे (मुंबई)

जिरेनियमचे झाड एका हंगामापुरते न मानता, त्याला न मानवणारा ऋतू काढून पुढच्या बहरापर्यंत जिवंत ठेवण्याची बागकामातील पद्धत. थंड देशांत हा ऋतू हिवाळा असतो, मुंबईत तो पावसाळा. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच जिरेनियमचा खरा बहर. जून ते सप्टेंबर हे चार महिने निभावले, तर दिवाळीनंतर त्याच कुंडीत पुन्हा फुलांचे गेंद येतात.

रोपवाटिकेत जिरेनियम म्हणून मिळणारे झाड वनस्पतिशास्त्राच्या भाषेत पेलार्गोनियम होय. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअसने १७५३ मध्ये खरे जिरेनियम आणि पेलार्गोनियम ही दोन्ही एकाच प्रजातीत धरली होती. १७८९ मध्ये लेरित्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळे काढले. फळाला पक्ष्याच्या चोचीसारखे लांब टोक असते, म्हणून जिरेनियमचे नाव क्रौंचाच्या आणि पेलार्गोनियमचे करकोच्याच्या ग्रीक नावावरून आले. हा भेद केवळ नावापुरता नाही. खऱ्या जिरेनियमच्या अनेक जाती बर्फाखाली तग धरून वसंतात फुटतात. पेलार्गोनियम बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतले, खोड मांसल आणि पाणी साठवणारे; हिमतुषार पडले की ते मरते. म्हणून युरोप-अमेरिकेत लोक शरद ऋतूत कुंड्या घरात घेतात, छाटकलमे (कापलेल्या शेंड्यांपासून नवी रोपे) करून ठेवतात, किंवा झाड मुळांसकट उपटून, माती झटकून थंड, कोरड्या तळघरात उलटे टांगतात. महिन्या-दोन महिन्यांनी मुळे थोडा वेळ पाण्यात बुडवली की तेवढ्यावर ते वसंतापर्यंत राहते.

ही तळघराची युक्ती मुंबईत चालत नाही, आणि का चालत नाही हे समजले की बाकीची निगा आपोआप सुचते. थंडीत झाडाची श्वसनक्रिया मंदावते, म्हणून खोडातला अन्नसाठा महिनोन्‌महिने पुरतो. मुंबईत थंडीच सौम्य. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये नोंदले गेलेले ७.४ अंश सेल्सिअस हे तिथले नीचांकी तापमान, म्हणजे गोठण्याच्या बरेच वर. उलट पावसाळ्यात रात्रीही पारा २५ अंशांच्या आसपास असतो, हवा ओलीचिंब असते आणि एकट्या सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा उबेत उपटलेले झाड साठा संपवून बसते आणि वर बुरशी धरते. त्यामुळे मुंबईत झाडाला झोपवायचे नसते. जागे, पण अर्धपोटी ठेवायचे असते.

पावसाळ्यात झाड जाते ते बहुधा मातीलगत. खोडाचा खालचा दोन बोटे भाग काळा, ओलसर, चकचकीत दिसू लागतो. वरची पाने मात्र आणखी दोन-तीन दिवस हिरवी राहतात आणि ‘पाणी कमी पडले’ असे वाटून कुंडीत आणखी एक तांब्या ओतला जातो. मुंबईत जिरेनियम मरण्याचे सर्वांत मोठे कारण हा शेवटचा तांब्या आहे. काळेपणा आणणारा पिथियम हा बुरशीसारखा जीव साचलेल्या पाण्यात फोफावतो. वेलजिरेनियमच्या पानांखाली खरखरीत, बुचासारखे फोड येतात. तो रोग नव्हे. मुळे पाणी ओढतात, पण दमट हवेत पानांतून ते बाहेर पडत नाही, म्हणून पेशी फुटतात.

तयारी मृगाच्या आधी करावी लागते. छाटणी मेच्या मध्यापर्यंत उरकावी, म्हणजे छाटलेली टोके उन्हात वाळून बंद होतात. जुलैत छाटलेले खोड टोकापासून सडत खाली येते. कुंडी मातीची आणि मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यावी. रोपवाटिकेतली रोपे पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात. ते ओल धरून ठेवते, म्हणून त्यात जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे भरपूर मिसळावेत. जागेचे महत्त्व सर्वांत जास्त. नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेच्या खिडकीत झड आणतो. ग्रिलवर पत्रा असला तरी शिंतोडे आडवे येतात. पूर्वेची गॅलरी, वर छत आणि उघडा वारा असेल तर झाडाला तेच माहेर. पाणी वार ठरवून घालू नये. कुंडी हाताने उचलून पाहावी. रिकामी वाटावी इतकी हलकी लागली तरच सकाळी घोटभर द्यावे. खत सप्टेंबरअखेरपर्यंत बंद. पिवळी पाने आणि सुकलेले फुलांचे दांडे रोजच्या रोज काढावेत. कुंडीखालची ताटली तर काढूनच ठेवावी; तिच्यात मुळेही कुजतात आणि डेंग्यूचे डासही वाढतात.

एवढे करूनही एखादे झाड जातेच, म्हणून फेब्रुवारीत छाटकलमे करून ठेवतात. बिनफुलाचा चार बोटे लांब शेंडा पेराखाली कापून, खालची पाने काढून दिवसभर सावलीत सुकू द्यायचा, मग ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचायचा. वरून प्लास्टिकची पिशवी घालू नये. गुलाबाला चालणारी ही पद्धत इथे कूज आणते. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. छोट्या कुंडीतले हे तरुण रोप जुन्या, लाकडी झालेल्या झाडापेक्षा पाऊस सोपा काढते.

पानांवर गडद कडे असलेला झोनल प्रकार मुंबईत सर्वांत चिवट. मोठ्या, डागाळ पाकळ्यांचा रीगल मात्र विचारपूर्वक घ्यावा: कळ्या धरण्यासाठी त्याला काही आठवडे चांगलाच गारवा लागतो, त्यामुळे पाऊस काढूनही मुंबईत तो बहुधा नुसती पाने देतो. सुगंधी जिरेनियम पानांसाठीच लावतात. ‘मच्छर रोप’ म्हणून विकले जाणारे तेच. पण नुसते खिडकीत ठेवल्याने डास पळत नाहीत.

जिरेनियम हे बहुवर्षायू झाड आहे. मुंबईत ते शेवंतीच्या कुंडीसारखे डिसेंबरात आणून जूनमध्ये टाकले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. चार पावसाळे काढलेल्या झाडाचे खोड अंगठ्याएवढे जाड होते आणि त्याला फांद्याही अधिक फुटतात. नवरात्रात अशा झाडाचे शेंडे खुडावेत, ऑक्टोबरच्या कडक उन्हात ते एकदम न नेता सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सवय लावावी आणि कोजागिरीच्या सुमारास मूठभर गांडूळखत द्यावे. रात्री गार होऊ लागल्या की माना खाली घातलेले कळ्यांचे घोस पानांतून वर निघतात, आणि दांडा सरळ झाला की दोन-चार दिवसांत पहिले फूल उमलते.