आघातजन्य हिंसा (कथासाहित्यातील)

युद्ध, अत्याचार, गुलामगिरी किंवा आप्तांची हत्या यांतून वाचलेले पात्र पुढे स्वतःच हिंसा करते, अशी कथावस्तू. सूडकथेशी तिचे जवळचे नाते आहे. पण सूडकथेचे लक्ष वैऱ्यावर असते, इथे ते घायाळ मनावर असते. बळी जाणारा अनेकदा निरपराध असतो. युरिपिडीझच्या ‘हेक्युबा’ या ग्रीक शोकांतिकेत ट्रॉयची राणी हेक्युबा हिच्या मुलाच्या खुन्याचे डोळे फोडले जातात, आणि त्या खुन्याची दोन लहान मुलेही मारली जातात.

महाभारताच्या सौप्तिकपर्वातील अश्वत्थामा हे या कथावस्तूचे अतिशय समर्थ उदाहरण. मुलगा मेल्याच्या खोट्या बातमीने द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि त्यांचा शिरच्छेद झाला. हे दुःख अश्वत्थाम्याला झोपू देत नाही. रात्री वडाखाली जागा असताना एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसते आणि मार्ग सुचतो. मामा कृपाचार्य परोपरीने समजावतात: आता झोप, सकाळी लढू, निजलेल्यांना मारणे हा अधर्म. तो ऐकून घेतो, उत्तर देतो, आणि तरीही निघतो. त्या रात्री धृष्टद्युम्नाबरोबर द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. जखम आणि कृत्य यांच्यामध्ये हा संवाद आहे, म्हणून अश्वत्थाम्याची कीव येते, पण त्याचा दोष हलका होत नाही. कमकुवत कथांत नेमकी हीच जागा रिकामी असते. बालपणीचा एक क्रूर प्रसंग दाखवला की खुनाचा उलगडा झाला, असे त्या धरून चालतात.

अत्याचारित माणूस अत्याचार करणाऱ्याचेच रूप घेतो, या प्रक्रियेला मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली ‘आक्रमकाशी तादात्म्य’ म्हटले. आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये स्थान मिळाले. प्रत्यक्षात आघात सोसलेली बहुतेक माणसे हिंसक होत नाहीत. वाचलेल्यांकडे संशयाने पाहायला शिकवणारी कथा म्हणूनच त्यांच्यावर दुसरा अन्याय करते.

टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीत सूडाचा हेतूच नाही. गुलामगिरीतून पळालेली सेथ, मुलीला पुन्हा त्या नरकात नेले जाऊ नये म्हणून तिला मारते. या प्रसंगामागे मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ मधील खरी घटना आहे. अनेक वर्षांनी दाराशी आलेल्या एका गोऱ्या माणसाला सेथ तोच जुना मालक समजते आणि बर्फ फोडायचा टोचा घेऊन त्याच्यावर धावते. या वेळी तिला अडवायला शेजारच्या बाया तिथे असतात.